माप

चाळीस वर्षं मी कुबड्या केल्या,
मिरजेत, मिशनच्या दवाखान्यामागं, पत्र्याच्या शेडात.
माणूस भिंतीला टेकवायचा,
काखेपासून टाचेपर्यंत टेप सोडायचा,
दोन बोटं कमी धरायची.
काखेत रुतली की हात बधिर होतो,
हे मला कुठल्या डॉक्टरनं नाही,
तासगावच्या एका गवंड्यानं शिकवलं.

आणि आता नातवाचं माप मला माहीत नाही.

ओबेद कोइमतूरला. आठ वर्षांचा.
आमच्या चौकटीवरची त्याची शेवटची रेघ
दोन नाताळांपूर्वीची,
माझ्या कमरेच्या पट्ट्याला लागते.
सून फोनवर म्हणाली, खूप वाढलाय हो पप्पा.
खूप म्हणजे किती इंच?
तिनं फोटो पाठवला.
फोटोत काय, सगळीच माणसं बोटाएवढी.
शेवटी पोरालाच सुचलं,
फ्रिजला पाठ लावून उभा राहिला,
आजोबा, असलाच फ्रिज तिकडं मोजा की.

सांगलीला गेलो, गणपती पेठेत.
दुकानात तोच फ्रिज, तोच निळा.
टेप लावला. वरच्या दाराच्या मुठीखाली चार बोटं.
सेल्समन हप्ते सांगत होता,
मी आकडा तळहातावर लिहून घेतला
आणि एसटीत मूठ मिटूनच बसलो.

भोवरा नको, खालच्या मजल्यावरचे ओरडतात.
गलोल नको, ही म्हणाली, आणि ठीकच म्हणाली.
विकतचं त्याच्याकडं माझ्या आधीच पोचतं.

केझियाचं सोपं वाटलं होतं.
चौदाची झाली, याच गावात राहते,
पण हल्ली विचारलं की ‘काही नाही’ म्हणते.
दिलावरकडं सतारीचा एक भोपळा होता,
तडकलेला, नादाला गेलेला.
अर्धा कापून त्याचा डबा केला.
झाकण एकाच बाजूनं बसतं,
कुठल्या, ते तिला एकटीला सांगणार.
आत काय ठेवशील, हे विचारायचं नाही
असं मी स्वतःला रोज बजावतोय.

ओबेदसाठी लाकूड घरात होतंच.
अॅल्युमिनियमच्या कुबड्या आल्या तेव्हा
जुन्या सगळ्या भंगारात निघाल्या,
मी वजनावर विकत घेतल्या. सागवान.
जिथं मूठ यायची तिथं लाकूड इतकं गुळगुळीत,
की पॉलिश करायला हात धजेना.
त्यांच्या दोन उंच काठ्या केल्या,
पाय ठेवायला फळ्या,
वर चढून ढांगा टाकत चालायच्या.
ज्यांच्यावर माणसं वाकून चालली,
त्यांच्यावर आता पोरगं ताठ चालेल,
फ्रिजच्या वरचंसुद्धा दिसेल त्याला.

फळीसाठी भोकं सहा पाडली, तीन-तीन बोटांवर.
ही करंज्यांचं सारण हलवत होती,
तिथूनच म्हणाली, इतकी कशाला?
मी फुंकर मारून भुसा उडवला.
तिनं पुन्हा विचारलं नाही.
मग हात पुसून बाहेर आली
आणि सगळ्यात वरच्या भोकात बोट घालून
कुसळ लागतंय का बघितलं.
लागत होतं. मी घासलं.

काठ्या कुरियरच्या खोक्यात मावेनात.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मोडून द्या.
मोडायच्या नाहीत, म्हटलं.
आत काय आहे?
चाळीस वर्षांची सवय, तोंडातून गेलं: कुबड्या.
त्याचं चघळणं थांबलं.
कुणाला झालं, काका?
नातवाला, आठ वर्षांचा... नाही, म्हणजे, त्याला काही...
तोवर तो आतून जाड पुठ्ठा घेऊन आला,
दोन्ही टोकांना चिंध्या बांधल्या,
पावतीवर जपून लिहिलं, ‘नाजूक. तातडीचं.’
जादा पैसे लावले नाहीत.

अरे, उंच व्हायला आहेत त्या, मी म्हणालो.
होईल, होईल, तो म्हणाला,
आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.